चिंग काळातील सरदारपुत्र सेनापतीची कारकीर्द कशी अभ्यासावी : फुकांगआनचे उदाहरण

अठराव्या शतकातल्या, म्हणजे चिंग या मांचू राजघराण्याच्या काळातल्या, चीनच्या सीमायुद्धांविषयी काहीही वाचायला घेतले, तरी फुकांगआन या सेनापतीचे नाव टळत नाही. सिच्वानच्या डोंगरातले जिनचुआन, वायव्येकडचे गान्सू, तैवान, नेपाळ आणि शेवटी हूनान-ग्वेइझौच्या सीमेवरचा म्याव लोकांचा मुलूख अशा एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी तो लढायला गेला, आणि त्यांपैकी तैवान, नेपाळ व म्याव या मोहिमांची सूत्रे त्याच्याच हाती होती. त्याच्याविषयीची मते मात्र दोन टोकांची आढळतात. एकीकडे दरबारी स्तुतीचा पूर आहे, तर दुसरीकडे ‘बादशहाचा लाडका भाचा’ एवढ्यावर त्याची बोळवण केलेली दिसते. या दोन्ही मतांवर विसंबून न राहता, मिळतील त्या साधनांतून अशा माणसाची कारकीर्द स्वतः कशी मांडावी, हे येथे सांगायचे आहे. चिनी किंवा मांचू भाषा येत नसली तरी इंग्रजी भाषांतरे, संग्रहालयांनी खुली केलेली चित्रे आणि नेपाळ व ईस्ट इंडिया कंपनी यांच्याकडच्या नोंदी यांच्या आधारे बरेच काम होते.

आधी नाव आणि घराणे

वाचनाला बसण्यापूर्वी एका कागदावर नावाची सगळी रूपे लिहून ठेवावीत. मांचू उच्चारानुसार फुकांगान, चिनी उच्चारानुसार फुकांगआन, आणि नेपाळच्या स्वारीसंबंधीच्या जुन्या इंग्रजी व नेपाळी लेखनात ‘तुंग थांग’ किंवा त्याच्या जवळपासचे रूप येते, जे पदावरून पडलेले संबोधन आहे. हे ठाऊक नसेल, तर एकाच माणसाचे तीन सेनापती होऊन बसतात. त्याच्या वडिलांचे नाव फुहेंग, म्हणून ‘फु’ हे आडनाव समजण्याचा मोह होतो. परंतु दोघांच्या नावांतले ‘फु’ हे अक्षर चिनी लिपीत वेगवेगळे आहे, मांचू लोक रोजच्या व्यवहारात कुळाचे नाव लावत नसत, आणि या घराण्याचे कूळ फुचा हे होते. मांचू सैन्य व समाज ज्या आठ निशाणांत विभागलेला होता, त्यांपैकी किनार असलेल्या पिवळ्या निशाणाखाली हे घराणे मोडत असे, आणि ते निशाण खुद्द बादशहाच्या ताब्यातल्या वरच्या तीन निशाणांपैकी एक होते.

त्यानंतर छोटी वंशावळ काढावी, कारण सरदारपुत्राच्या बाबतीत ती नकाशाइतकीच उपयोगी पडते. फुहेंगची बहीण ही चियानलोंग बादशहाची पहिली सम्राज्ञी होती आणि ती १७४८ मध्ये वारली. पहिल्या जिनचुआन युद्धाचा शेवट फुहेंगने १७४९ मध्ये केला. पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेत त्याला आजार जडला आणि परतल्यावर १७७० मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच ब्रह्मदेश युद्धात फुकांगआनचा चुलतभाऊ मिंगरुइ १७६८ मध्ये प्राणास मुकला. फुकांगआनचा भाऊ फुलोंगआन याला बादशहाची मुलगी दिलेली होती, तर दुसरा भाऊ फुचांगआन हा पुढे दरबारातला सर्वांत वजनदार मंत्री हेशेन याच्या गोटात गेला. एवढे समोर ठेवले की दोन गोष्टी कळतात: या घराण्याला मिळालेल्या मानमरातबाची मुळे राजवाड्यात होती, आणि त्या मानाची किंमत सीमेवर जिवानिशी मोजणारी माणसेही त्याच घरातली होती.

फुकांगआन हा बादशहाचाच अनौरस मुलगा होता, ही अफवा येथेच निकालात काढावी. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. राजवंशाबाहेरच्या माणसाला इतके वरचे किताब मिळाले, याचे नवल वाटून ती पसरली आणि कादंबऱ्यांनी ती घरोघर पोहोचवली. अफवा का पसरली हे नोंदवावे. तिच्यावरून बादशहाच्या हेतूंचे अंदाज बांधू नयेत.

तारखा जुळवणे

चिनी साधनांत वर्ष बादशहाच्या राज्यवर्षाने आणि महिना चांद्रमासाने दिलेला असतो. चियानलोंगच्या राज्यवर्षात १७३५ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे ५७ वे वर्ष हे १७९२. शकात ७८ मिळवून वर्षाच्या अखेरच्या महिन्यांना ७९ मिळवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यातली मेख लगेच कळेल. चिनी महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो आणि चिनी वर्षारंभ बहुधा माघाच्या सुरुवातीला येतो, त्यामुळे अकराव्या-बाराव्या महिन्यातल्या घटना पुष्कळदा पुढच्या इसवी सनात पडतात. तैवानमधला लिन श्वांगवनचा उठाव ५१ व्या वर्षाच्या अकराव्या महिन्यातला आहे. साधी बेरीज केली तर १७८६ येते, पण प्रत्यक्षात तो जानेवारी १७८७ मधला आहे. अधिक महिनाही तेथे आहे, फक्त तो आपल्या अधिक महिन्याशी जुळतोच असे नाही. १७९२ मध्ये चौथा महिना दोनदा आला होता आणि नेपाळवरच्या चढाईची तयारी नेमकी त्याच सुमाराला चालू होती, म्हणून त्या मोहिमेचा क्रम लावताना ‘चौथा’ आणि ‘अधिक चौथा’ हे वेगळे लिहावेत.

पद, किताब आणि हुकूमत यांची वेगळी नोंद

माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो, म्हणून वहीत तीन स्वतंत्र रकाने करावेत. पहिल्यात मुलकी वा लष्करी पद लिहावे, दुसऱ्यात वंशपरंपरागत किताब, आणि तिसऱ्यात त्या वेळी प्रत्यक्ष कोणत्या फौजेवर हुकूमत होती ते. फुकांगआनची सुरुवात बादशहाच्या खास रक्षकांत झाली, जी थोर घराण्यांतल्या मुलांची नेहमीची वाट होती. दुसरे जिनचुआन युद्ध (१७७१–१७७६) चालू असताना सेनापतींना द्यायचे शिक्के घेऊन त्याला आघाडीवर पाठवण्यात आले आणि तेथेच त्याची तुकडीप्रमुख म्हणून नेमणूक झाली. हा प्रसंग लहान असला तरी नीट पाहावा. शिक्का पोहोचवणे हे काम निरोप्याचे. पण निरोप्या जेव्हा सम्राज्ञीचा भाचा असतो, तेव्हा बादशहाचे डोळे आणि कानच छावणीत येऊन बसतात, आणि त्या तरुणाला पहिली लढाई अनुभवी सेनापती आगुइ याच्या नजरेखाली लढायला मिळते. जोखीम वडीलधाऱ्याची आणि श्रेय मुलाच्या नावे, अशी ती व्यवस्था होती.

किताबांच्या रकान्यात ‘जियायोंग’ हे उपपद दिसेल. पाच पायऱ्यांच्या सरदारी श्रेणीतली सर्वांत खालची ‘नान’ ही पायरी त्याला १७७६ मध्ये जिनचुआननंतर मिळाली. १७८४ मध्ये गान्सूमधल्या मुस्लिम उठावाचा शिफेंगबाव येथे बीमोड झाल्यावर तो ‘हौ’ झाला. आणि १७८८ मध्ये तैवाननंतर सर्वांत वरचा ‘गोंग’. पुढे १७९५ मध्ये त्याला ‘बेइझ’ हा किताब मिळाला, जो राजवंशातल्या पुरुषांसाठी राखून ठेवलेला असे, आणि मृत्यूनंतर त्याहूनही वरचा ‘जुनवांग’. पदांच्या रकान्यात याच काळात जीलिन व शेंगजिंग येथील सेनापतिपद, युन्नान-ग्वेइझौ, सिच्वान, शान्शी-गान्सू आणि ग्वांगडोंग-ग्वांगशी या प्रांतांची सुभेदारी अशी रांग लागते. या बदल्या पाहून गोंधळून जाऊ नये. सीमेवर जेथे धूर दिसेल तेथे पाठवता यावा असा भरवशाचा माणूस बादशहाला हाताशी हवा होता आणि सुभेदारीमुळे त्या माणसाच्या हाती प्रांताची तिजोरी, धान्य व हमाल आपोआप येत असत.

तिसऱ्या रकान्याचे महत्त्व व्हिएतनामच्या प्रकरणात कळते. १७८९ च्या आरंभी आजच्या हानोइजवळ सुन शियी याच्या चिंग फौजेचा न्ग्वेन ह्वे याने ऐन नववर्षाच्या सणात धुव्वा उडवला, तेव्हा सुनच्या जागी फुकांगआनला दक्षिणेत पाठवण्यात आले. तेथे त्याने एकही लढाई केली नाही. सूड घेण्यापेक्षा विजेत्यालाच राजा म्हणून मान्यता देण्याचा मार्ग धरला गेला, आणि १७९० मध्ये बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला व्हिएतनामच्या राजाची स्वारी दरबारात आली. ती व्यक्ती खरा राजा होती की त्याचा तोतया, यावर इतिहासकारांत वाद आहे. फक्त लढाया मोजणारा अभ्यासक हे वर्ष कोरे सोडून देतो, आणि ते मला या कारकिर्दीतले सर्वांत शहाणपणाचे वर्ष वाटते.

बरोबर कोण होते, आणि पैसा किती होता

प्रत्येक मोहिमेत त्याच्या शेजारी कोण उभे होते ते शोधावे. तैवान आणि नेपाळ या दोन्ही ठिकाणी हायलांचा हे नाव येते. हा ईशान्येकडच्या सोलोन जमातीतला, साध्या शिपाईगिरीतून वर आलेला माणूस. जंगल-डोंगरातली प्रत्यक्ष मारामारी पुष्कळदा त्याच्याच तुकड्यांनी केली आणि तोही अखेरीस ‘गोंग’ पदाला पोहोचला. सामान्य घरातला माणूस त्या उंचीवर जाऊ शकत होता, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘सगळे जन्मावर अवलंबून होते’ हे सोपे उत्तर गळून पडते. जन्माने मिळत होता तो दरबारचा विश्वास, मोठ्या रकमा खर्चण्याची मोकळीक आणि चूक झाली तरी सांभाळून घेतले जाण्याची खात्री. फौजेची जडणघडणही पाहावी. जिनचुआनच्या दगडी बुरुजांतून चिंग सैन्याला वर्षानुवर्षे झुंजवणाऱ्या डोंगरी लोकांतूनच पुढे शिपाई भरती झाले आणि फुकांगआनने त्यांना तैवानात व हिमालयात नेले.

पैशांचा आकडा मिळेल तेथे लिहून ठेवावा. दुसऱ्या जिनचुआन युद्धाला सुमारे ७ कोटी ‘तेल’ (tael हे चिनी वजन) चांदी लागली असे मानले जाते. एक तेल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांहून थोडे अधिक. साम्राज्याच्या दीड वर्षाच्या महसुलाएवढी ही रक्कम सिच्वानच्या दोन लहानशा डोंगरी संस्थानांवर खर्च झाली, कारण रसद पाठीवर वाहून न्यावी लागत होती. फुकांगआनचे खरे कसब मला येथे दिसते: माणसे, धान्य, जनावरे आणि चांदी अवघड जागी वेळेवर पोहोचवणे, आणि लढणाऱ्यांना सढळ हाताने बक्षिसे देऊन पुढे ठेवणे. तो अलौकिक रणनीतिज्ञ होता असे त्याच्या लढायांवरून म्हणता येत नाही.

विजयाचे अहवाल कसे तपासावेत

सेनापती बादशहाला थेट खलिते पाठवी, बादशहा त्यांवर लाल शाईने शेरे मारून परत पाठवी, आणि मोहीम संपली की दरबारातले खास कार्यालय या कागदांतून मोहिमेचा अधिकृत इतिहास तयार करी. तातडीच्या डाकेला दिवसाला ६०० ली, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटर, असा वेग ठरवून दिलेला असला, तरी ल्हासाहून पेकिंगला प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत कित्येक आठवडे लागत. म्हणून बादशहाचा हुकूम वाचताना तो कोणत्या खलित्याला उत्तर आहे ते आधी शोधावे. नाही तर सेनापतीने हुकूम मोडला असे वाटते, आणि वस्तुस्थिती एवढीच असते की हुकूम वाटेत होता.

तैवानचे प्रकरण सरावासाठी घ्यावे. झुलुओ गावाने बंडखोरांचा वेढा महिनोन्‌महिने सोसला, बचावाचे नेतृत्व छाइ दाजी या अधिकाऱ्याने केले, आणि खूश होऊन बादशहाने १७८७ मध्ये गावाचे नाव बदलून जियायी, म्हणजे ‘निष्ठेचा गौरव’, असे ठेवले. डिसेंबरच्या सुमारास फुकांगआन लुगांग बंदरात उतरला, त्याने वेढा उठवला आणि फेब्रुवारी १७८८ मध्ये लिन श्वांगवन पकडला गेला. पण ज्याच्या बचावामुळे गावाला नवे नाव मिळाले, त्याच छाइ दाजीवर फुकांगआनने आरोपांची फैर झाडली आणि त्याच वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. पहिल्या भेटीत छाइने कनिष्ठाला शोभेसा मुजरा केला नाही, हे त्या रागाचे मूळ होते, असे चिनी इतिहासकार नोंदवतात. दरबारी इतिहासात यातला आरोपांचाच भाग ठळक आहे. अशा वेळी दोन बाजू समोरासमोर लिहाव्यात: आरोप होण्यापूर्वी छाइविषयी दरबाराने काय म्हटले होते, आणि आरोपानंतर काय म्हटले.

दगड आणि चित्रे हीसुद्धा कागदपत्रेच होत. या विजयाचे बादशाही शिलालेख कोरून तैवानला पाठवले गेले. त्यांतले नऊ आज तैनान शहरातल्या छिकान बुरुजापाशी कासवाच्या आकाराच्या दगडी पीठांवर ओळीने उभे आहेत, काहींवर मांचू तर काहींवर चिनी मजकूर आहे, आणि दहावा जियायीमध्ये आहे. उतरवताना एक कासव पाण्यात पडले आणि पुढे सापडल्यावर ते एका देवळात पूजेला लागले, असे तेथे सांगतात. पेकिंगमधल्या ‘जांभळ्या तेजाच्या’ दालनात जिनचुआन, तैवान आणि नेपाळ या तिन्ही मोहिमांच्या मानकऱ्यांत फुकांगआनचे चित्र लागले होते. परंतु तैवानच्या पहिल्या वीस मानकऱ्यांत, तैवानला कधीही न गेलेल्या हेशेनचे चित्रही आहे. चित्र लागले म्हणजे माणूस रणांगणावर होता, असे समजू नये.

नेपाळची मोहीम : भरपूर वेळ द्यावा

ही मोहीम चीन, तिबेट, नेपाळ आणि ईस्ट इंडिया कंपनी अशा चारही बाजूंनी तपासता येते. मीठ, खोटे नाणे आणि घाटवाटांवरच्या व्यापाराचे तंटे यांतून नेपाळच्या गोरख्यांनी १७८८ मध्ये तिबेटवर पहिली स्वारी केली. ती मिटवायला गेलेल्या बाझोंग या अधिकाऱ्याने तिबेटकडून दरसाल चांदी देण्याचा करार गुपचूप होऊ दिला आणि दरबाराला मात्र गोरखे शरण आल्याचे कळवले. चांदी थकली, गोरखे १७९१ मध्ये परत आले, त्यांनी शिगात्सेजवळचा ताशिलहुनपो मठ लुटला, आणि बाझोंगने पाण्यात जीव दिला. तरीसुद्धा बादशहाने १७९२ मध्ये आपल्या ‘दहा संपूर्ण विजयांची’ यादी लिहिली, तेव्हा ही पहिली, पैसे देऊन मिटवलेली स्वारीही त्यात मोजली. अधिकृत ‘विजय’ हा शब्द पुढे कोठेही आढळला की बाझोंगची आठवण ठेवावी.

फुकांगआन भर हिवाळ्यात छिंगहायच्या पठारावरून ल्हासाला पोहोचला आणि १७९२ च्या उन्हाळ्यात क्यीरोंग परत घेऊन रसुवाच्या घाटाने खाली उतरला. नकाशावर क्यीरोंग, रसुवा, बेत्रावती, नुवाकोट आणि काठमांडू ही ठिकाणे खुणावून घ्यावीत. बेत्रावतीपासून काठमांडू किती जवळ आहे हे पाहिल्यावर तेथेच फौज का थांबली, असा प्रश्न पडला पाहिजे. ऑगस्टमध्ये पावसात, चढावर केलेला हल्ला गोरख्यांनी उधळून लावला आणि चिंग सैन्याची मोठी हानी झाली. वै युआन या इतिहासकाराने १८४२ मध्ये लिहिले की आधीच्या विजयांनी फुगलेला फुकांगआन त्या दिवशी पालखीत बसून, पिसांचा पंखा हलवत हल्ला चालवत होता. चिनी वाचकाला पिसांचा पंखा दिसला की तीन राज्यांच्या काळातला मुत्सद्दी झुगे ल्यांग आठवतो, म्हणजे ही वर्णनातली खोच आहे, आणि ती घटनेनंतर पन्नास वर्षांनी लिहिलेली आहे. अपयश खरे मानावे, पंखा कंसात ठेवावा.

पुढे हिमवर्षावाने घाट बंद होण्याची भीती एका बाजूला आणि राजधानीच्या दाराशी आलेली फौज दुसऱ्या बाजूला, अशा कोंडीत दोघांनीही तह केला. गोरख्यांनी लूट परत केली आणि पाच वर्षांनी एकदा पेकिंगला शिष्टमंडळ पाठवण्याचे मान्य केले. ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. चिनी कागद याला खंडणी म्हणतात, नेपाळी परंपरा बरोबरीच्या तहाची भाषा वापरते. फुकांगआनच्या देखरेखीत १७९३ मध्ये तिबेटच्या कारभाराचे २९ कलमांचे नियम झाले आणि मोठ्या लामांचे अवतार सुवर्णकलशातून चिठ्ठी काढून ठरवण्याची पद्धत आली. त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा या एका कलशावरून आजही अधिक वाद होतात.

चौथी बाजू कलकत्त्याची आहे. नेपाळने मार्च १७९२ मध्येच कंपनीशी व्यापारी करार केला होता आणि संकट आल्यावर कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याच्याकडे मदत मागितली. दुसरीकडून फुकांगआननेही कंपनीला पत्र धाडले. त्याच मार्चमध्ये श्रीरंगपट्टणचा तह होऊन मराठे, निजाम आणि कंपनी यांनी टिपूचा अर्धा मुलूख वाटून घेतला होता. एवढ्या खर्चिक युद्धानंतर आणि कँटनच्या चहाच्या व्यापारावर डोळा असताना चीनशी वैर ओढवून घेणे कॉर्नवॉलिसला परवडणारे नव्हते. त्याने मध्यस्थीची तयारी दाखवली, पण कर्कपॅट्रिकचे शिष्टमंडळ नुवाकोटला पोहोचेपर्यंत १७९३ उजाडले आणि तह केव्हाच झाला होता. त्याच वर्षी इंग्रज वकील मॅकार्टनी बादशहाच्या भेटीला आला, तेव्हा फुकांगआन त्याच्याशी फटकून वागला, आणि इंग्रज रक्षकांची कवाईत पाहण्याचे आमंत्रणही त्याने झिडकारले. मॅकार्टनीच्या रोजनिशीत याला उर्मटपणा म्हटले आहे. इंग्रजांनी गोरख्यांना आतून साहाय्य केले असावे, असा संशय मनात असलेल्या सेनापतीच्या बाजूने तो प्रसंग पुन्हा वाचून पाहावा.

मृत्यूनंतरचे शेरे

१७९५ मध्ये म्याव लोकांचा उठाव झाला आणि फुकांगआन, हेशेनचा भाऊ हेलिन याच्यासह, त्या दऱ्याखोऱ्यांत उतरला. उठावाचा एक नेता वू बायुए हाती लागला, पण युद्ध लांबले, आणि १७९६ च्या उन्हाळ्यात फुकांगआन व काही महिन्यांनी हेलिन असे दोघेही छावणीतच आजाराने वारले. चियानलोंगने त्याला ‘जुनवांग’ केले. १७९९ मध्ये चियानलोंगही गेला आणि वारा फिरला. हेशेनला आत्महत्येचा हुकूम झाला, फुचांगआनला शिक्षा झाली, आणि सैनिकांना वारेमाप बक्षिसे देऊन तिजोरी रिकामी करण्याची चाल फुकांगआनने पाडली, असे नवा बादशहा जियाचिंग आपल्या आदेशांत बजावू लागला. म्हणून त्याच्याविषयीचे प्रत्येक मत उतरवताना त्यापुढे ते १७९९ च्या आधीचे आहे की नंतरचे, हे अवश्य लिहावे. आधीच्या मतांत खर्चाचा उल्लेख शोधावा, आणि नंतरच्या मतांत, त्या खर्चाला मंजुरी कोणी दिली होती याबाबत पाळलेले मौन.